मुसासाहेबाच्या गाण्यातला थांबा

कापसाच्या गाड्या दारावरून जायला लागल्या की रस्त्याच्या बाभळी पांढऱ्या होतात. गाडीबाहेर लोंबणारा कापूस काटे ओढून घेतात, आणि दसरा होऊन पंधरा दिवस सरले की अकोल्याच्या साऱ्या वाटांवर बगळे येऊन बसल्यासारखं दिसतं. लोकांना हा देखावा आवडतो. बाया काट्यांतला कापूस ओटीत वेचून नेतात, देवाच्या वातीपुरता होतो. मला मात्र त्या दिवसांत धडधडतं. सत्तरी उलटली, दात गेले, डोळ्यांपुढं धुकं आलं. ही धडधड तेवढी अजून तरणी आहे.

घरात जातं थांबलं तरी मी दचकतो. सोनी, माझी बायको, सुनांना हात लावू न देता अजून आपलं दळण आपणच दळते आणि दळताना ओवी म्हणते. ओवी मधेच तुटली की मी ओसरीवरून हाक मारतो, "ओ!" आतून उत्तर येतं, "जित्ती आहो, जित्ती! मूठभर जवारी तं घालू द्या जात्यात!" शेजारणी हसतात. म्हाताऱ्याला बायकोचा भारी लळा, म्हणतात. लळा आहे, नाही कशाला म्हणू; पण हाकेचं कारण दुसरं आहे. ते मी तिला कधी सांगितलं नाही. आज लिहितो आहे, कारण तिला वाचता येत नाही.

मी तरी कुठं मोठा शिकलो! पंतोजींच्या पडवीत धुळाक्षरं गिरवली, पाढे पंधरापर्यंत आले, आणि बाप म्हणाला पुरे. ऱ्हस्वदीर्घ चुकेल तर चुको. पण एका बाबतीत मी शिकल्यासवरल्यांचंही ऐकणार नाही. परवा एका वकिलाच्या ओसरीवर बसलो होतो, गोष्ट निघाली गोऱ्यांच्या गाण्यांची. एकजण म्हणाला, "त्यायचं गाणं म्हणजे कुत्र्याच्या शेपटीवर पाय." सारे हसले. मी म्हणालो, "इंग्रजाचं मले ठाव नाई. फरासिसाचं गाणं मी ऐकलं हाये, अन् तसं हसवणं तुमच्या सात पिढ्यायले जमणार नाई." काठी घेतली आणि उठून आलो. घर येईपर्यंत राग होता. घरी आल्यावर भीती. त्या गाण्याची आठवण निघाली की मला दोन्ही एकदम होतं, हसू फुटतं आणि हात थंड पडतात.

ते उमरावतीचे दिवस. अमेरिका म्हणून कुठं मुलूख आहे, तिथं भावाभावांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या उपाशी राहिल्या, एवढंच आम्हाला कळलं होतं. कोणाच्या घरी मरण पडलं म्हणून आपल्या दारी तोरण लागलं, असा तो मोसम. रेल्वे अजून आली नव्हती. अंबा दरवाज्यापासून गाड्यांची रांग निघे ती नजर पोचेल तिथवर. बाजारात कधी न पाहिलेले चेहरे, कधी न ऐकलेल्या बोल्या. हवेत सारखी रुई उडे. भाकरीवर रुई, दह्यावर रुई, बैलांच्या पापण्यांवर रुई. माणसं शिंकत शिंकत श्रीमंत होत होती.

तेव्हा वाफेचे प्रेस नव्हते, रुई पायानं तुडवून गठाण बांधत. जमिनीत दीड पुरुष खोल खड्डा, आतून फळ्या मारलेल्या. त्यात तरटाचं लांब पोतं, तोंड उघडं ठेवून टांगलेलं. एक हलका माणूस कमरेला दोर बांधून आत उतरायचा. वरून दोघं टोपल्यांनी रुई टाकत, तो ती तुडवत राही, आणि रुई दबत जाई तसा वर वर येई. पोतं भरलं की माणूस काठाशी आलेला असे. पण सुरुवातीला वरून तो दिसत नसे. दिसे नुसता पांढरा धुरळा. म्हणून एक रीत होती. आत उतरलेल्यानं गायचं. तोंडाला फडकं बांधून, पण गायचं. आमचा मुकादम कादरमिया दोर हाती देताना दर वेळी तेच सांगे, "गड्ढे में उतरा तो गाना. गाना बंद, मतलब आदमी बंद. फिर सोचना नहीं, खींचना."

तुडवणीची गाणी त्याचसाठी जुळवलेली होती. त्यांना शेवट नसे. एका ओळीचा शेवटला शब्द दुसरी ओळ उचले, दुसरीचा तिसरी, रहाटाच्या गाडग्यांसारखं. ऐकायला त्यात काही गोडी नव्हती. फट मात्र नव्हती, आणि फट नसणं हेच त्या गाण्यांचं काम.

खड्ड्यात उतरे माझा साळा मुकिंदा, आणि दोर माझ्या हातात. बावीस वर्षांचा, अंगानं शेवग्याची शेंग. अकोल्याकडच्या दंडारीत, म्हणजे आमच्या गावच्या नाचगाण्याच्या सोंगात, तो सोंगाड्या होता. त्याची आई लवकर गेली, सोनीनंच त्याला वाढवला. आम्ही दोघं मोसमासाठी उमरावतीला निघालो तेव्हा ती गाडीचं जू धरून उभी राहिली. "माह्या भावाले जपजा. तो हसण्यात जीव इसरते."

"मी आहो ना," मी म्हणालो. असं म्हणायला मला तेव्हा फार सोपं जाई.

मुसासाहेब हा फरासीस, म्हणजे फ्रेंच मुलखातल्या कुठल्याशा पेढीचा खरीददार. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला वळलं नाही; त्यांच्यात साहेबाला मुस्यू म्हणतात, त्याचं आम्ही मुसा केलं. बुटका, पोटाळ, मिशांना मेण लावून टोकं वर काढलेली. इंग्रज साहेब घोड्यावरून बोलत, हा पोत्यावर बसून बोले. रुईचा झुपका दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढी, धागा किती लांब निघतो ते बघे, आणि बघताना गुणगुणे. रुईजवळ विस्तवाला बंदी होती म्हणून चिरूट नाही. खिशात तपकिरीची डबी. हिंदुस्थानी बोले ती मुंबईच्या गोदीवर उचललेली, पण लाजत नसे.

मुकिंदानंच एकदा विचारलं, "सायेब, काय म्हणून राहिले? आमाले तं सांगा. का आमालेच शिव्या देऊन राहिले?"

साहेब पोट धरून हसला आणि सांगू लागला. ते शिपायाचं गाणं होतं. एक शिपाई लढाईवर गेला. आमच्या पोवाड्यात असं म्हटलं की तोफा सुटतात, रक्ताचे पाट वाहतात. याच्या गाण्यात एकही तोफ नाही. त्या शिपायाला सरकारातून बूट मिळाले ते दोन्ही डाव्या पायाचे, एवढीच तक्रार सारं गाणंभर. सेनापतीला सांगतो, राजाला सांगतो, शत्रूलाही सांगतो. शत्रूला त्याची दया येते, तो म्हणतो, माझे दोन्ही उजवे आहेत. मग दोघं लढाई सोडून एक एक बूट बदलतात आणि आपापल्या घरी जातात. संपलं. कादरमिया कधी हसत नसे. तो तोंड फिरवून उभा राहिला आणि त्याची पाठ हलत होती.

दुसरं गाणं होतं कांदेवालीचं. बाजारात एक बाई कांदे विकते. धंदा बरकतीचा नाही, आंबे विक म्हणतात, फुलं विक म्हणतात, ती ऐकत नाही. दर कडव्याला नवा माणूस येतो, नवी अक्कल शिकवतो, ती हसून जबाब देते. शेवटी कळतं, तिचा नवरा समुद्रावर गेला तो आला नाही. आणि कांदे विकले की, डोळ्यांत पाणी का, असं कोणी विचारत नाही. चाल मात्र सारी नाचायची! मी त्या दिवशी भाकर तशीच बांधून ठेवली.

मी साहेबाला म्हणालो, "आमचं रडाचं गाणं रडूनच म्हणतेत. तुमचं कसं उलटं?"

तो तपकिरीची चिमूट धरून म्हणाला, "हमारा गाना भी रोता है. मगर बाहर आने के पहले मुँह धोता."

त्या एका बोलण्यात त्या लोकांची सारी गायकी आली, असं मी समजतो. आमचा शाहीर डफावर थाप मारून सांगतो, आता हसा, आता रडा. तो शाहीर मोठा, त्याला माझा नमस्कार. पण फरासीस काही सांगत नाही. चेहरा सरळ ठेवतो, जसा काही बाजारभाव सांगतो आहे. अर्धं बोलतो, अर्धं तुमच्या पदरात टाकतो. तुम्हाला उमगलं की तो भुवई एवढीशी वर करतो, की घे, तूही शहाणा! मला कोणी आयुष्यात शहाणं म्हटलं नव्हतं. पोत्यावर बसलेल्या त्या परक्या माणसानं भुवईनं म्हटलं.

आणि मग राजाचं गाणं.

एका गावचा पाटील शहरात राजाच्या भेटीला गेला आणि परत आला. गाव त्याच्याभोवती जमलं, राजा काय बोलला? पाटील छाती फुगवून पहिल्या कडव्यात गालिचा सांगतो, दुसऱ्यात झुंबरं, तिसऱ्यात भालदार-चोपदार. दर कडव्याच्या शेवटी म्हणतो, "आणि राजा मला म्हणाला," आणि थांबतो. सारे माना पुढं करतात, तर हा लालाला करून पुढच्या कडव्याला लागतो. चौथ्या कडव्यात दालनं ओलांडून राजाच्या अगदी पुढ्यात जातो. "आणि राजा मला म्हणाला," म्हणतो, आणि इथं मुसासाहेब खरा थांबे. डबी काढी. झाकण उघडी. चिमूट घेई. एका नाकपुडीत, मग दुसऱ्या. रुमाल झटके. मग अगदी बारीक, कंटाळलेल्या आवाजात, "दार लाव रे, वारा येतो."

किती दिवस हसलो म्हणून सांगू! हसता हसता मला एक टोचलंही, कारण त्या पाटलासारखी छाती मीही फुगवतो. पण टोचून न दुखणं हीच तर त्याची कारागिरी.

मुकिंदाला त्या थांब्यानं वेड लावलं. चार दिवसांत त्यानं चाल उचलली आणि वऱ्हाडी बोल घातले:

पाटील गेला वाड्यामंदी, पायी गालिचा मऊ मऊ,
जोडे हातात, टोपी काखेत, राजा म्हणे मले —

आणि थांबे. खड्ड्यातून आवाज बंद. टोपलीवाले टोपल्या धरून उभे. मग आतून लालाला, आणि सारे खो खो.

कादरमिया पहिल्याच दिवशी धावत आला. "ये क्या लगा रखा है? गाने में छेद है इसके!"

"मिया, ते गंमत हाये," मी म्हणालो. "थांबलं म्हणूनच तं मजा येते."

"मजा दंडार में करो. गड्ढे में वही पुराना गाना."

"दोर माह्या हातात हाये का तुमच्या?"

हे मी बोललो. तेव्हा मी तिशीचा होतो, हात जाड होता, आणि माझं म्हणणं खाली पडलेलं मला चालत नसे. कादरमिया म्हणाला, "तेरे हाथ में है, भाई. इसीलिए तो बोल रहा हूँ."

मुकिंदाचं गाणं चालू राहिलं. आवारातली माणसं आमच्या खड्ड्याशी जमायला लागली. मुसासाहेब तर रोज येई आणि आपलंच गाणं परक्या बोलीत ऐकून लेकराच्या बारशाला आल्यासारखा बसे. मुकिंदा थांबा लांबवायला शिकला. आज पाच टोपल्या पडतील एवढा वेळ, उद्या सात. दर थांब्यात मला पोटात बारीक कळ येई, आणि मग लालाला आलं की इतकं बरं वाटे की ती कळही गोड लागे. भीती गोड लागायला लागली की माणसानं ओळखावं, काहीतरी चुकतं आहे. मला ते ओळखता आलं नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती. दुपारपर्यंत गाड्या भरून निघायच्या होत्या. कादरमिया तरट आणायला गेला होता. रुईचा ढीग खड्ड्यापासून दहा पावलांवर ठेवायचा हा त्याचा दंडक, मी म्हणालो, "काठाशीच घ्या रे, पायपीट वाचते." घेतला. छातीएवढा उंच झाला. मुकिंदा आत गेला, गालिचा झाला, झुंबरं झाली, भालदार-चोपदार झाले. मुसासाहेब पोत्यावर होता. चौथं कडवं लागलं. "राजा म्हणे मले —"

थांबला.

मी हात वर केला, की कोणी हलू नका. टोपलीवाले ओठ दाबून उभे. साहेबानं डबी काढली, चिमूट घेतली, दोन्ही नाकपुड्या झाल्या, रुमाल झाला, तरी आत चूप. साहेबानं माझ्याकडे बघून भुवई वर केली. शागीर्द गुरूच्या पुढं गेला म्हणून तो खुशीत होता. मीही खुशीत होतो. हे मला लिहायलाच हवं. त्या घडीला मी सुखात होतो. इतका सुखात मी फार वेळा नव्हतो.

दगड पडला तर आवाज होतो. माती ढासळली तरी होतो. रुई पडते तेव्हा काहीच होत नाही.

कादरमिया तरटं खांद्यावर घेऊन आला. "गाना क्यूँ बंद है?"

"थांबा मिया," मी कुजबुजलो, "राजा आता बोलते."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग ढिगाकडे. काठाकडची बाजू चावल्यासारखी तुटलेली होती. तरटं त्यानं कुठं फेकली मला दिसलं नाही. तो दोरावर पडला, तेव्हा कुठं माझे हात हलले. दोर हलका लागायचा तो जड लागला, विहिरीतून बुडालेला हंडा ओढावा तसा. आधी पांढरा गोळा आला. मग त्यात मुकिंदा होता. फडकं तोंडाशी आवळलेलं, नाकात रुई ठासलेली, चेहऱ्याचा रंग जांभळासारखा. कादरमियानं फडकं फाडलं, बोटानं नाक मोकळं केलं. साहेब गुडघ्यांवर पडून त्याची पाठ बुक्क्यांनी बडवत होता आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणत होता, ते गाणं नव्हतं. मी उभा होतो. माझ्या हातात दोर होता, आणि सोनीनं धरलेलं जू मला दिसत होतं.

मग मुकिंदाच्या छातीतून एक आवाज आला, फाटक्या भात्यासारखा. असा कुरूप आवाज मी पुन्हा ऐकला नाही, आणि त्याच्याएवढा गोडही.

तो जगला. पुढं पाच लेकरांचा बाप झाला, म्हातारा होऊन आपल्या खाटेवर गेला. अमेरिकेतली लढाई मिटली, बाजार बसला, मुसासाहेब निघून गेला. आता प्रेसला भोंगा आहे, वाफ आहे, गठाणी दगडासारख्या निघतात आणि कोणाला गावं लागत नाही. चांगलं आहे. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं त्या खड्ड्यात एकदा उतरून यावं. पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब टोपी हातात घेऊन आला. "हमारा गाना इधर नहीं गाना. खराब गाना."

मुकिंदाचा आवाज बसला होता. तो म्हणाला, "गाणं कायले खराब, सायेब? बाकीच्या गाण्यात तोंड उघडंच ठेवा लागते, सारी रुई छातीत जाते. तुमच्या गाण्यात मले दम घ्याले भेटते. थांबलो होतो, तोंड मिटून होतो, म्हणून तोंडात नाई भरली. गात असतो तं तथीच संपलो असतो."

त्या थांब्यात आम्हाला गंमत दिसत होती, आणि हा आत श्वास घेत होता.

गाण्याला त्यानं माफ केलं. मलाही केलं असावं, कारण दोष देणारा एक शब्द तो बोलला नाही. पण खड्ड्याच्या काठाशी गेला आणि त्याचे पाय पुढं होईनात. दोर बांधला, पाय फळीवर ठेवला, काढून घेतला. पुन्हा ठेवला. टोपलीवाले दुसरीकडे बघायला लागले. सोंगाड्याचा चेहरा तो, रोज दहा सोंगं धरणारा. त्या दिवशी त्याला साधं हसूही धरता येईना. आता हा पुन्हा कधी हसणार नाही, कधी गाणार नाही, आणि सोनी मला विचारील की माझा भाऊ कुठं ठेवून आलात; याची मला आदल्या दिवसाहून जास्त भीती वाटली.

"सोड तो दोर," मी म्हणालो. "मी उतरतो. तू वरतं धर."

"भाऊजी, तुमी? तुमचं आंग कायचं? पोतं फाटन."

"फाटू दे."

कादरमियानं ढीग दहा पावलांवर नेलेला होता, तो अजून दहा पावलं मागं घ्यायला लावला.

उतरेपर्यंत मला वाटे, दोर धरणं हेच जबाबदारीचं काम. खाली गेलो तर कान बंद झाले. दुधात बुडून डोळे उघडावेत तसा उजेड. वर परातीएवढं आभाळ, तेही टोपलीगणिक झाकलं जाई. रुई पायाला लागत नाही, ती पायाला गिळते. मी जुनं गाणं सुरू केलं, शब्दाला शब्द जोडत, ओरडून. वरून कसलाच आवाज नाही. मुकिंदा दोर धरून आहे की नाही, हेही कळेना. त्याला हसवावं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मी राजाचं गाणं धरलं.

पहिलं कडवं झालं. "राजा म्हणे मले," म्हटलं, आणि थांबता येईना. जीभ आपोआप लालाला करून मोकळी झाली. दुसऱ्यातही तेच. वर कादरमिया गरजला, "ये कौन सा गाना गा रहा है, बेवकूफ!" थांबायला काय लागतं ते मला तिथं कळलं. गाणं तर भिऊनही गाता येतं. गप्प राहायला वरचा माणूस आपला आहे याचा भरवसा लागतो. मुकिंदा तो भरवसा रोज सात सात टोपल्यांएवढा माझ्यावर टाकत होता.

तिसरं कडवं आलं. मी दात आवळले. "राजा म्हणे मले —"

थांबलो. हा तर खरा थांबाही नव्हता, खरा चौथ्यात. पण पापणी लवायच्या आत दोर बरगड्यांत रुतला आणि मी एवढा मोठा गडी पोहऱ्यासारखा वर उचलला गेलो. डोकं काठाबाहेर निघालं, पाय आत लोंबत होते. मुकिंदानं दोर हाताला दोन वेढे घेऊन धरला होता, हाताचं कातडं सोललं होतं.

"काहून ओढलं बे?" मी म्हणालो. "राजा बोलणार होता ना."

"राजा गेला चुलीत!" तो ओरडला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्यातूनच हसू फुटलेलं. "मले नाई आयकाचं तो काय म्हणते. तुमी बोला, भाऊजी. काईही बोला, पन चूप नका राहू."

मी बोललो. बैलांची नावं सांगितली, आमच्या नातलगांच्या गावांची नावं सांगितली, पंधराचा पाढा म्हटला, तोही चुकत. पाय जमिनीला लागेपर्यंत बोलत होतो. लागल्यावरही त्यानं दोर सोडला नाही, म्हणून बोलतच राहिलो.